फेझच्या जुन्या तटबंद शहराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोरोक्कोतल्या फेझ शहरात दोन खेपांत मिळून मी तीन आठवडे राहिले. तेव्हापासून तिकडे निघालेली मंडळी मला बहुतेक तेच प्रश्न विचारतात आणि फोनवर उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवते आहे.

'मदिना' म्हणजे काय? सौदी अरेबियातलं मदिना ते हेच का?

नाही. अरबीत मदिना म्हणजे साधं 'शहर'. उत्तर आफ्रिकेत फ्रेंचांनी जुन्या शहरांबाहेर आपल्या नव्या वसाहती वसवल्या, आणि तटाच्या आतल्या जुन्या शहराला मदिना म्हणायचा प्रघात पडला. फेझमध्ये अशी तीन शहरं शेजारी शेजारी आहेत. फेझ अल-बाली म्हणजे जुनं फेझ, फेझ अल-जदीद म्हणजे नवं फेझ, आणि तिसरं फ्रेंचांनी वसवलेलं. यातलं 'नवं' फेझ १२७६ सालचं आहे. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीवर रामचंद्रदेव यादव राज्य करत होता. जुन्याचं वय यावरून ताडावं.

शहर वसलं कसं?

एक नव्हे, दोन शहरं वसली. ७८९ मध्ये पहिल्या इद्रिस या राजाने नदीच्या उजव्या काठावर वस्ती केली आणि ८०९ मध्ये त्याच्या मुलाने, दुसऱ्या इद्रिसने, समोरच्या काठावर दुसरी. थोड्याच वर्षांत स्पेनमधल्या कोर्दोबात बंड झालं. तिथून हाकलली गेलेली कुटुंबं उजव्या काठावर आली, तर ट्युनिशियातल्या कैरुआनची माणसं डाव्या काठावर स्थिरावली. आजही एका बाजूला अंदलुसींचा काठ आणि दुसऱ्या बाजूला करावीनांचा, म्हणजे कैरुआनवाल्यांचा, काठ म्हणतात. अकराव्या शतकात अल्मोराविद राजवटीने दोन्ही एका तटात आणली. आज दिसणारा तट बराचसा त्यांच्यानंतरच्या अल्मोहादांच्या काळातला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. डोळ्यांचं पारणं फिटावं अशा इमारती बहुतेक अल्मोहादांच्या मागून आलेल्या मरिनी सुलतानांच्या. १९१२ मध्ये मोरोक्को फ्रेंच संरक्षणाखाली गेल्याचा करार फेझमध्येच झाला आणि राजधानी रबातला हलली. १९८१ मध्ये युनेस्कोने ही मदिना जागतिक वारसा ठरवली.

आत शिरलं की माणूस हरवतो म्हणतात. खरं का?

हरवतो. मीही पहिल्या संध्याकाळी हरवले आणि राहत्या घरापासून शंभर पावलांवर तासभर फिरत राहिले. तरी या शहराला भूलभुलैया म्हणणं मला पटत नाही. तिथल्या रस्त्यांना नियम आहेत, फक्त ते पाटीवर लिहिलेले नाहीत.

पहिला नियम उताराचा. जुनं फेझ खोलगट वाडग्यासारखं आहे आणि तळाशी नदी. पश्चिमेला वरच्या अंगाला बाब बू जलूद हा दरवाजा. तिथून तलआ कबीरा आणि तलआ सगीरा असे दोन मुख्य रस्ते खाली उतरतात. तलआ म्हणजे चढण, म्हणजे एक थोरली चढण आणि एक धाकटी. खाली खाली जात राहिलात की अत्तारांचा बाजार आणि करावीन मशीद येणार, वर वर चढत गेलात की पुन्हा बू जलूद. वाट चुकली तर मोबाइल बाजूला ठेवून आधी पायांना विचारावं, आपण चढतोय की उतरतोय. उंच भिंतींच्या त्या बोळांत मोबाइलवरचा निळा ठिपका नाहीतरी जागच्या जागी उड्या मारत असतो.

दुसरा नियम रुंदीचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. दोन्ही बाजूंना दुकानं असलेला रुंद रस्ता सगळ्यांचा. त्याला फुटलेली, दुकानं नसलेली गल्ली त्या मोहल्ल्याची. तिच्यातून निघालेला, पुढे बंद होणारा बोळ म्हणजे 'दर्ब', तो फक्त तिथे दारं असलेल्या चार-सहा घरांचा. पूर्वी कित्येक दर्बांना स्वतःचे दरवाजे असत आणि ते रात्री लागत. गल्ली अरुंद झाली, दुकानं संपली, पावलांचा आवाज ऐकू यायला लागला, की समजावं, आपण कुणाच्या तरी उंबऱ्याकडे चाललोय. तिथून मुकाट्याने मागे फिरावं. आपल्या वाड्याच्या मागच्या चौकात अनोळखी माणूस हातात कॅमेरा घेऊन उभा राहिला तर आपल्याला जसं वाटेल, तसंच त्यांनाही वाटतं.

मागून 'बालाक!' अशी आरोळी आली तर वळून बघत बसू नका, भिंतीला चिकटा. गाढव किंवा खेचर ओझं घेऊन येतंय. आत मोटारी नाहीत. गॅसच्या टाक्या, कातडी, विटा, सगळं त्यांच्याच पाठीवरून जातं.

गल्लीबोळांत फिरताना बघायचं काय?

प्रत्येक मोहल्ल्यात पाच गोष्टी शोधा: मशीद, पाण्याचं कारंजं, हमाम म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, मुलांची कुराणशाळा आणि सार्वजनिक भट्टी. मला भट्टीचं फार अप्रूप वाटलं. सकाळी घरोघरी कणीक तिंबून पाव थापतात आणि फळीवर ठेवून, वर फडकं टाकून भट्टीवर पाठवतात. पोरं डोक्यावर फळ्या घेऊन पळताना दिसतात. कुठला पाव कुणाचा, हे भट्टीवाल्याला न विचारता ठाऊक असतं. दिवाळीच्या आधी आम्ही पत्र्याच्या ट्रेमध्ये नानकटाई थापून बेकरीत रांगेत उभे राहायचो, त्याची आठवण झाली. आपल्याकडे हे वर्षातून एकदा व्हायचं, तिथे कितीतरी घरी अजून रोजचं आहे.

बाजारालाही क्रम आहे. अत्तर, पुस्तकं, रेशीम असे स्वच्छ आणि मोलाचे धंदे मोठ्या मशिदीजवळ. वासाचे आणि राडारोड्याचे, म्हणजे कातडी कमावणारे, रंगारी, कुंभार, नदीकडे किंवा तटाकडे. याला एक ठळक अपवाद आहे: तांबट. त्यांचा सफ्फारीन चौक करावीनच्या ग्रंथालयाच्या दाराशीच आहे आणि दिवसभर हातोड्यांचा ठेका चालू असतो. पुण्याची तांबट आळी ऐकलेल्यांना तो आवाज नवा वाटणार नाही.

घरं बाहेरून इतकी ओकीबोकी का? खिडक्याच नाहीत.

घर आत उघडतं म्हणून. श्रीमंताचं घर आणि गरिबाचं घर बाहेरून जवळजवळ सारखंच दिसतं. दारातून शिरलात की समोर भिंत येते, वाट काटकोनात वळते, कधी पुन्हा वळते, आणि मग चौक. दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरून घरातलं काही दिसत नाही. रायगडासारख्या किल्ल्यांवरचा गोमुखी दरवाजा आठवा, बुरुजाआड लपलेला आणि वळण घेतल्याशिवाय न दिसणारा. किल्ल्यावर हे शत्रूसाठी, इथे नजरेसाठी. जुन्या शहरांच्या वेशींतही हीच युक्ती असे, म्हणजे घोडेस्वारांना सरळ धाव घेता येत नसे.

चौकाचा दुसरा उपयोग हवेचा. रात्री थंड हवा चौकात उतरते, जाड भिंती आणि फरशी ती धरून ठेवतात. बाहेर चाळीस अंश असताना दुपारी चौकात अनवाणी बसता येतं. हिवाळ्यात मात्र हेच घर गारठवून टाकतं, तेव्हा लोकरीचे कपडे न्या.

'रियाद' आणि 'दार' यांत फरक काय?

दार म्हणजे चौकाचं घर. रियाद म्हणजे ज्याच्या चौकात बाग आहे, तीही शक्यतो चार वाफ्यांची, मध्ये कारंजं. हल्ली कुठल्याही लॉजला रियाद म्हणतात. झाडं नसतील तर ते दार.

मदरशांमधलं नक्षीकाम बघून डोळे दिपतात, पण नेमकं बघायचं कसं?

खालून वर बघा. बू इनानिया (१३५० ते १३५५) किंवा अत्तारीन (१३२३ ते १३२५) मदरशाच्या चौकात भिंतीपाशी खाली बसा. पर्यटक मंडळी मान वर करून फोटो काढतात आणि पाच मिनिटांत निघतात. तिथे अर्धा तास द्यावा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

तळाशी झलीज, म्हणजे झिलईच्या फरशीच्या तुकड्यांची भूमिती. माणसांच्या पाठी, खांदे आणि ओल जिथवर पोचते तिथवर हे टिकाऊ काम. त्यावर अक्षरांची एक पट्टी. त्यावर चुन्या-जिप्समचा कोरीव गिलावा, जाळीसारखा. सगळ्यात वर देवदाराचं काळसर लाकूड, मध्य ॲटलासच्या डोंगरांतून आणलेलं. म्हणजे खाली माती, मध्ये दगडाची पूड, वर झाड. छताच्या कोनाड्यांत आणि कमानींच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी एकावर एक लोंबणारी कामं दिसतात, त्यांना मुकर्नस म्हणतात.

झलीजचं काम शहराच्या कडेला, कुंभारांच्या वस्तीत चालू असताना बघायला मिळतं. फेझच्या परिसरातल्या मातीची फरशी भाजून, एका रंगाची झिलई देऊन, मग बसून धारदार हातोडीने एकेक तुकडा तासतात. चांदणी, बदाम, पट्टी, प्रत्येक आकाराला नाव आहे. मोठा पट्टा जुळवताना हे तुकडे रंगाची बाजू खाली करून मांडतात आणि वरून मसाला ओततात. पट्टा उभा होईपर्यंत कारागिराला स्वतःची नक्षी दिसत नाही. तो सगळं पाठीकडून, डोक्यातल्या आकृतीवर जुळवतो. हे मी उकिडवं बसून बघितलं आणि त्यानंतर मदरशाची कुठलीच भिंत मला आधीसारखी दिसली नाही.

या चौकांच्या वर माडीवर विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, एक चटई आणि एक दिवा मावेल एवढ्याच. त्या बघायला विसरू नका. इतक्या वैभवाशेजारी इतकी लहान खोली!

मशिदीत जाता येतं का?

मुसलमान नसाल तर मोरोक्कोत सहसा नाही. कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद ठरलेल्या वेळी दाखवतात, तो अपवाद. फेझमध्ये मदरशांचे चौक सर्वांना खुले आहेत. करावीन दारातून बघावी लागते, पण तिला बरीच दारं आहेत आणि प्रत्येकातून अंगणाचा वेगळा तुकडा दिसतो. परंपरा सांगते की कैरुआनहून आलेल्या फातिमा अल-फिहरी या बाईने वारशाच्या पैशातून ८५९ च्या सुमारास ती बांधवली. तिथे पुढे जे विद्यापीठ वाढलं, ते जगातलं सर्वांत जुनं अखंड चालू असलेलं विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. नमाजाच्या वेळी दारात गर्दी करू नका.

दुसऱ्या इद्रिसच्या दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत छातीच्या उंचीवर एक आडवं लाकूड लावलेलं दिसेल. तिथून पुढे पवित्र हद्द. गाढवांना तिथेच थांबावं लागे, आणि एके काळी परधर्मीयांनाही.

मराठी माणसाला ओळखीचं काही सापडतं का?

शब्द सापडतात, पावलोपावली. फारसीतून आणि दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांतून जे अरबी शब्द मराठीत मुरले, ते तिथे मूळ घरी भेटतात. अत्तारीन म्हणजे अत्तारांचा बाजार. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराची माहिती ठेवणारा आणि रहिवासाचा दाखला मिळवायला ज्याच्याकडे जावं लागतं तो सरकारी माणूस म्हणजे मुकद्दम, आपला मुकादम. कातडी आणि जुने काफ्तान, म्हणजे पायघोळ झगे, हातात धरून, बोली पुकारत दुकानांपुढून फिरणारा माणूस दल्लाल. पैसे बदलून देणारा सर्राफ. शहराच्या तटावर बुर्ज. गाइड हे शब्द उच्चारायचा आणि मी मान डोलवायचे, तेव्हा त्याला वाटलं मला अरबी येतं.

आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. बू इनानिया मदरसा बांधणारा सुलतान अबू इनान. याच सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न बतूताने आपला प्रवास फेझमध्ये सांगितला आणि इब्न जुझय्य याने तो लिहून काढला. डिसेंबर १३५५ मध्ये ते काम पुरं झालं. इब्न बतूता दिल्लीत मुहम्मद तुघलकाकडे काझी होता, आणि तिथून निघाल्यावर तो दौलताबाद आणि नंदुरबारवरून गेला. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी, त्यांच्या वैद्यकीविषयी, ज्योतिषाविषयी आणि भात-भाजीच्या जेवणाविषयी त्याने सांगितलेलं त्या मजकुरात आहे. आपल्या नंदुरबारचं वर्णन फेझमध्ये बसून कागदावर उतरलं, त्याच वर्षांत इथे सुतार देवदार कोरत होते. बू इनानियात बसाल तेव्हा हे मनात असू द्या.

चामड्याचे हौद बघावेत का? वास सहन होतो का?

बघावेत. शुआरा हा सगळ्यात मोठा कारखाना, नदीला लागून. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा. चुन्याने केस सुटतात, विष्ठेतल्या अमोनियाने कातडं मऊ पडतं. रंगीत हौदांत रंग. कामगार कमरेपर्यंत उतरून पायांनी कातडी तुडवतात. वर गच्चीत नाकाला लावायला पुदिन्याची काडी देतात. उन्हाळ्यात दुपारी वास उग्र होतो, सकाळी बरा.

मला वासापेक्षा अवघड गेलं ते गच्चीतून खाली बघणं. खाली माणसं पाठ वाकवून काम करतायत आणि वर आपण पुदिना हुंगतोय. फोटो दोन काढा, मग कॅमेरा ठेवा आणि कामाची रीत समजून घ्या. गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या असतात, म्हणून काही घ्यायचं नसेल तर थोडी बक्षिसी द्यावी हे रास्त.

घरांना लाकडी टेकू का दिसतात? आत जाणं सुरक्षित आहे का?

विसाव्या शतकात धनिक कुटुंबं नव्या शहरात आणि कासाब्लांकाला गेली. त्यांच्या घरांत खेड्यांतून आलेली बिऱ्हाडं राहू लागली. एका कुटुंबासाठी बांधलेल्या चौकात सहा-सात चुली पेटल्या. डागडुजी कुणी करायची हा प्रश्न लोंबकळत राहिला आणि भिंतींत पाणी मुरत गेलं. पुण्यातल्या भाडेकरूंच्या वाड्यांची गोष्ट ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. १९८९ मध्ये मदिनेच्या दुरुस्तीसाठी सरकारने स्वतंत्र संस्था काढली. ती घरं, सराया, पूल सावरते आहे. टेकूखालून लोक रोज जातात, तुम्हीही जाल. पडक्या घरात मात्र कुणी 'चला, आतून दाखवतो' म्हटलं तरी शिरू नका.

तटाची भिंत जवळून बघा. माती, चुना, खडी कुटून केलेली आहे. तिच्यावर रांगेने भोकं दिसतात, ती बांधताना लावलेल्या परांचीच्या वाशांची. आता त्यांत पाखरं राहतात.

सप्टेंबर २०२३ च्या भूकंपाबद्दलही विचारतात. त्याचा केंद्रबिंदू माराकेशच्या दक्षिणेला उंच ॲटलासमध्ये होता. माराकेशच्या तटाला इजा झाली. फेझ बरंच दूर आहे.

मेल्लाह म्हणजे काय?

यहुद्यांचा मोहल्ला. फेझचा मेल्लाह १४३८ चा, मोरोक्कोतला पहिला, नव्या फेझमध्ये राजवाड्याजवळ. इथली घरं बघितल्याबरोबर फरक कळतो, कारण इथे रस्त्याकडे उघडणारे लाकडी सज्जे आहेत. इब्न दनान सिनेगॉग सतराव्या शतकातलं. आता यहुदी कुटुंबं फारच थोडी उरली, कबरस्तान पांढरंशुभ्र राखलेलं आहे.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

छान होतं, पण विचारावं लागतं. बिसारा म्हणजे सुक्या बाकल्याच्या (फावा बीन्सच्या) दाण्यांचं दाट सूप, वर ऑलिव्ह तेल आणि जिरेपूड. सकाळी गरम पावाबरोबर खाल्लं की पिठल्याची भूक भागते. झालूक हे वांगी-टोमॅटोचं भरीतच. मसूर, पांढरा घेवडा, ऑलिव्ह भरपूर. शुक्रवारच्या भाज्यांच्या कुसकुसात (वाफवलेल्या रव्याच्या दाण्यांचा पदार्थ) भाज्या मांसाच्या रश्शात शिजलेल्या असतात. हरीरा सूपमध्येही मांस असू शकतं. 'ब्ला लहम', म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा.

गाइड घ्यावा का?

पहिल्या दिवशी परवानाधारक गाइड जरूर घ्या, राहत्या ठिकाणाहून सांगून. 'पुढे रस्ता बंद आहे' असं सांगत कुणी पुढे चालू लागला तर नम्रपणे नको म्हणा. रस्ता बहुधा चालू असतो. माझ्याबरोबर असा एक मुलगा अर्धा तास चालला, भलतीकडे नेलं आणि शेवटी जास्त पैशांसाठी अडून बसला. त्याच संध्याकाळी एका आजीबाईने हाताला धरून दारापर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत. दोन्ही लक्षात ठेवलं आहे.

कधी जावं?

मार्च ते मे, किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात. गल्ल्या तेव्हा रिकाम्या मिळतात, दारांवरची कामं निवांत बघता येतात. रमजानमध्ये दिवसा जेवणाची अडचण होते, पण संध्याकाळी शहर वेगळंच जागं होतं.

फेझ झालं, आता कुठलं शहर?

चढउतार नको असेल तर माराकेश. ट्युनिसची मदिना खिळ्यांच्या नक्षीदार दारांसाठी. कैरुआनच्या मोठ्या मशिदीचं अंगण बाहेरच्यांनाही बघता येतं, आणि फेझच्या करावीनांचं मूळ गाव म्हणून मला तिथे जायचंच आहे. समुद्राकाठचं एसाविरा अठराव्या शतकात आखून बांधलेलं, रस्ते सरळ. फेझनंतर तिथे गेलात तर फरक पायांना कळेल.

वयस्कर आई-बाबांना नेता येईल का?

येईल. दुसऱ्या खेपेला आईला नेलं, तिचे गुडघे दुखतात. तिला तलआची चढण करू दिली नाही. तटाबाहेरून लाल टॅक्सी करून र्सीफ चौकात उतरायचो. मोटार तिथवर येते आणि करावीनचा परिसर तिथून जवळ आहे. सामानासाठी दरवाजापाशी हातगाडीवाले मिळतात, भाडं आधी ठरवा. मुक्काम वेशीजवळच घ्या.

सफ्फारीन चौकात एका झाडाच्या सावलीत आई रोज सकाळी बसायची. शेवटच्या दिवशी तिने एक छोटं तांब्याचं पातेलं पसंत केलं. तांबटाने ते उलटं करून बुडावर टिचकी मारून आवाज ऐकवला. आईने ते त्याच्या हातातून घेतलं, स्वतः टिचकी मारली, कान लावला, आणि दुसरं दाखवा म्हणून खूण केली.